रिकामा रकाना

त्या शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना पहिले काही महिने असंच वाटायचं, की भूगोलाच्या सरांचं आडनाव 'रकाने' आहे. एका पालकाने तर मुलीच्या रजेच्या अर्जावर तसं लिहूनच पाठवलं होतं, आणि सरांनी तो अर्ज काही न बोलता मंजूर केला होता. हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याचं डोकं जाग्यावर होतं. सर गेली बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक करत होते, आणि रिकामा रकाना दिसला की त्यांच्या पोटात कळ यायची.

त्यांची रीतही ठरलेली. शिक्षकांच्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी भिंतभर एक फळा होता. त्यावर हिरवं जाड कापड ताणलेलं, कापडावर पांढऱ्या दोऱ्याने आखलेले रकाने. अठरा वर्ग, सहा दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे आठशे चौसष्ट. प्रत्येक शिक्षकाला एक रंग. एकतीस शिक्षकांना रंग कुठून पुरणार, म्हणून रंग संपल्यावर पट्टे आले, पट्टे संपल्यावर ठिपके आले. सर स्वतः तपकिरी. ज्याचे जितके तास तितक्या नखाएवढ्या चिठ्ठ्या ते पुठ्ठ्यातून मोजून कापायचे आणि टाचणीने एकेक टोचत जायचे. शेवटची टाचणी बसली की डबा रिकामा आणि फळा भरलेला. एक चिठ्ठी उणी नाही, एक अधिक नाही. बावीस वर्षांत एकही वर्ग वाऱ्यावर सुटला नव्हता, हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. पण दुसऱ्याने सांगितलं तर थांबवायचेही नाहीत.

आता असा माणूस पडावा कसा, तर वेळापत्रकापायीच. पहिल्या सत्राच्या शेवटच्या दिवशी वरच्या ओळीतली एक चिठ्ठी तिरकी झालेली त्यांना दिसली. दोन तासांनी शाळेला सुट्टी लागणार, सगळ्या चिठ्ठ्या उतरणार, त्या चिठ्ठीकडे काळं कुत्रंही बघणार नव्हतं. पण सरांना राहवलं नाही. हाताशी संगणकाच्या खोलीतली चाकांची खुर्ची होती. दरवर्षी मुलांना सुरक्षिततेवर पाऊण तास व्याख्यान देणारा हा गृहस्थ वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी चाकांच्या खुर्चीवर उभा राहिला. खुर्ची एकीकडे गेली, सर दुसरीकडे, आणि डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर.

हाड मोडलं नाही, रक्तस्राव नाही, फोटो स्वच्छ आले. डॉक्टर वयाने लहान, सरांच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती म्हणाली, "मेंदूला हादरा बसलाय. कवटी शाबूत आहे म्हणून आतलं सगळं शाबूत आहे असं समजू नका. विश्रांती, आणि मग हळूहळू कामाला सुरुवात."

"हळूहळू म्हणजे?"

"दर दोन तासांनंतर वीस मिनिटं शांत, अंधाऱ्या खोलीत बसायचं. मी चिठ्ठी देते, मुख्याध्यापिकांना दाखवा." मग चिठ्ठी लिहिता लिहिता तिने आणखी सांगितलं, "पाय मोडला असता तर लोकांनी तुम्हाला दार उघडून धरलं असतं. हे कुणाला दिसत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार नाही."

सरांनी मान हलवली आणि चिठ्ठी खिशात घातली. तिथेच ती राहिली.

तीन आठवडे ते घरी पडून होते. पडदे लावलेले, दूरदर्शन बंद, वर्तमानपत्र बंद. बायको गाडी चालवायला शिकवणारी. तिच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या जागेपुढेही एक ब्रेक होता, आणि पंचवीस वर्षं तो दाबून दाबून तिच्या उजव्या पायाला सवयच लागली होती. घरात कुणी काही वेडंवाकडं बोलायला लागलं तरी तिचा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला जायचा. "मी आता ठणठणीत आहे," असं सरांनी तिसऱ्या आठवड्यात जाहीर केलं, तेव्हा तो असाच दाबला गेला. पण ती एवढंच म्हणाली, "बरं."

ठणठणीत तर ते मुळीच नव्हते. पहिल्या दिवशी शाळेची घंटा वाजली ती त्यांच्या कवटीच्या आतच वाजली. मुलांचा गलका, बाकांचा करकराट, डोळ्यांत घुसणाऱ्या ट्यूबलाइटी; रोज ज्यातून ते मान वर करून चालत जायचे, त्यातून आज भिंत धरून गेले. दुसऱ्या तासाला आठवीपुढे उभं असताना एक शब्द हवा होता. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचून जी जमीन होते, ती. हजारदा फळ्यावर काढलेली ती त्रिकोणी जमीन डोळ्यांपुढे लख्ख दिसत होती आणि नाव काही येत नव्हतं. एका मुलाने हळूच सांगितलं, "त्रिभुज प्रदेश, सर." सर म्हणाले, "शाबास, तुम्हाला येतं का तेच बघत होतो." वर्ग हसला नाही. मुलं हसली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मधल्या वेळेत मुख्याध्यापिकांनी बोलावलं. सगळी शाळा त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायची. खडूचे तुकडे मोजून देणाऱ्या होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या.

"कसं वाटतंय, सर? चेहरा उतरलेला दिसतोय."

"छे, उत्तम."

"नवं वेळापत्रक पुढच्या सोमवारी लागायला हवं. जमेल ना? नसेल तर सरळ सांगा, चित्रकलेच्या बाई करतील. त्यात काही कमीपणा नाही."

डॉक्टरांची चिठ्ठी शर्टाच्या खिशात छातीला टोचत होती. ती काढून टेबलावर ठेवली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण सरांच्या मनाने वेगळाच हिशोब मांडला. चिठ्ठी दाखवली की वेळापत्रक जाणार. आज तात्पुरतं जाईल, मग कायमचं जाईल. भूगोल शिकवणारे गावोगाव असतात. आठशे चौसष्ट रकाने डोक्यात ठेवणारा एकच. ते डोकंच गेलं म्हटल्यावर मागे उरतं काय? ही भीती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, मग बाईंना कुठली सांगणार?

"जमेल," ते म्हणाले.

तिथून ते सरळ नकाशांच्या खोलीत गेले. जिन्याखालची ती बिनखिडकीची लहानशी खोली, गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकवून उभे केलेले, एक मोडका पृथ्वीगोल आणि धूळ. कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांच्याकडेच. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि जमिनीवर बसले. अंधार एवढा गोड लागू शकतो हे त्यांना या वयात कळत होतं.

डोळे मिटल्यावर त्यांना आठवलं, की या खोलीला कुलूप पूर्वी नव्हतं. ते त्यांनीच लावलं होतं. का लावलं, तेही आठवलं, आणि नको इतकं स्पष्ट आठवलं.

नववी ब मध्ये एक मुलगी होती. सगळी शाळा तिला गोलकीपरच म्हणायची. पहिल्या सत्रात चेंडू अडवताना तिचं डोकं खांबावर आपटलं. आठवडाभराने ती शाळेत परतली तेव्हा तिचे वडील सोबत आले होते. वेल्डिंगचं काम करणारा माणूस, बोटांवर जुने चटके, हातात एक कागद. वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना सरांकडे धाडलं. सरांनी कागद वाचला होता. आणि म्हणाले होते, "अहो, सगळ्यांचीच डोकी दुखतात. वेळापत्रकात झोपायचा रकाना नसतो." वडील नमस्कार करून गेले. पुढे एकदा चौथ्या तासाला सरांना ती मुलगी याच खोलीत, याच अंधारात बसलेली सापडली. तास बुडवते म्हणून त्यांनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं.

सर उठले. शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी पहिल्या सत्राच्या कागदांची फाइल काढली. ते कधी काही फेकत नसत. आज त्यांना आपल्या या सवयीचा राग आला. कागद सापडला. डॉक्टर तीच, अक्षर तेच, आणि मजकूरही तोच: दर दोन तासांनंतर वीस मिनिटं, शांत, अंधारी खोली. खाली लाल शाईत सरांचा नेटका शेरा होता: 'रकाना उपलब्ध नाही.'

त्यांनी खिशातली स्वतःची चिठ्ठी काढून शेजारी ठेवली. दोन कागदांत नावाखेरीज काहीच वेगळं नव्हतं. सरांना लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली. एखादा चांगला माणूस असता तर त्याच पावली नववी ब कडे गेला असता. सर चांगले होते, पण तेवढ्या ताबडतोब चांगले होणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवले आणि पुढच्या तासाला गेले.

आठवडाभर ते घरी चिठ्ठ्या कापत राहिले. पाच मिनिटं कात्री, दहा मिनिटं डोळ्यांवर ओला रुमाल. रविवारी बायकोने त्यांना गाडीतून शाळेत आणलं आणि ती शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात विणकाम घेऊन बसली. रिकाम्या शाळेतली शांतता सरांच्या कामी आली. तरी पूर्वी चार तासांत होणारं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. रंग एकमेकांत मिसळत होते, ठिपके हलत होते, दोनदा त्यांना मोरीकडे धावावं लागलं. पण फळा भरला. आठशे चौसष्टपैकी एकही रकाना मोकळा नव्हता. सरांनी सुस्कारा सोडला आणि टाचण्यांच्या डब्यात बघितलं.

डब्यात एक पिवळी चिठ्ठी उरली होती, विज्ञानाच्या बाईंची.

"ही एक राहिली की हो," बायको म्हणाली.

"जादा कापली गेली असेल."

"तुमच्याकडून?"

तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेलेला सरांना दिसला. फळा भरलेला आणि चिठ्ठी उरलेली, याचा अर्थ कुठेतरी दुसऱ्याच रंगाची एक चिठ्ठी जास्त लागली आहे. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पुन्हा आठशे चौसष्ट रकाने तपासायची ताकद डोळ्यांत नव्हती, आणि तसं कबूल करायची मनात नव्हती. त्यांनी पिवळी चिठ्ठी खिशात टाकली. खिशात आता तीन गोष्टी झाल्या होत्या.

सोमवारी शाळाभर कौतुक झालं. "सर आले, शाळा रुळावर आली," असं शिपाई म्हणाला. चूक कुणालाच दिसली नाही. दिसणार कशी? वेळापत्रक लागलं की जो तो फक्त आपला रंग शोधतो. तपकिरी रंग शोधणारा शाळेत एकच माणूस होता, आणि त्याला त्या फळ्याकडे सलग बघवत नव्हतं. त्याने सकाळी पहिले तीन तास एका कागदावर कसेबसे उतरवून घेतले होते, पुढचं मग बघू म्हणून.

तिसऱ्या तासाला त्यांना फळ्यावरचं आपलंच अक्षर दोन-दोन दिसू लागलं. घंटा झाल्यावर ते नकाशांच्या खोलीत गेले. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावलं. दार अर्धवट उघडं राहिलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर आवाज आले. दोन वर्गांच्या दोन मॉनिटर सरांना शोधत एकाच वेळी तिथे पोचल्या होत्या. एक सातवी अ ची, कमरेएवढी, दोन वेण्या आणि तिखट जीभ. दुसरी नववी ब ची गोलकीपर.

"सर आमचे आहेत," लहानी म्हणत होती. "सोमवार, चौथा तास, सातवी अ, तपकिरी. मी स्वतः बघितलं."

"आमच्याकडेही तपकिरीच आहे," गोलकीपर म्हणाली.

"असं कसं असेल? सर काय दोन आहेत?"

आत सर ऐकत होते. दोन तपकिरी, एकाच तासाला, आणि खिशात पिवळी. ज्या माणसाने बावीस वर्षं एकतीस जणांना एका वेळी एकाच जागी ठेवलं, त्याने स्वतःला दोन वर्गांत वाटून टाकलं होतं. म्हणजे एक वर्ग वाऱ्यावर. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, खोली फिरली, आणि ते पुन्हा खाली बसले.

दार ढकललं गेलं. उजेडाची पट्टी त्यांच्या तोंडावर पडली आणि त्यांनी हात आडवा धरला. गोलकीपरने बघितलं, आणि बाजूला सरकून ती त्या उजेडात आडवी उभी राहिली, म्हणजे सावली बरोबर त्यांच्या डोळ्यांवर यावी. हे तिने न विचारता केलं. ज्याला ते दुखणं झालंय त्यालाच ते सुचतं.

"सर, भिंतीला डोकं टेकू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जिन्यावरून कुणी गेलं की भिंत हादरते. नकाशांना टेका. ते डावीकडचे जाडे आहेत ना, त्यांना."

सर डावीकडच्या नकाशांना टेकले. खरंच बरं वाटलं.

"सरांना काय झालंय?" लहानीने विचारलं.

"काही नाही. वीस मिनिटं लागतील. तू वर्गात जा आणि सांग, सर येतायत, तोवर नकाशा भरा."

"कोणता नकाशा?"

"कोणताही भर गं बाई, आता जा."

लहानी काही जागची हलली नाही. सरांना आता तिच्यासमोरच बोलावं लागणार होतं. अर्थात त्यांनी त्या मुलीला उभं केलं तेव्हाही सगळ्या वर्गासमोरच केलं होतं.

"कुलूप लावल्यावर तू कुठे बसायचीस?" त्यांनी विचारलं.

गोलकीपरने मैदानाकडे हात केला. मग म्हणाली, "सायकलींच्या शेडमागे. पण तिथे ऊन असतं. मग बसायचं सोडूनच दिलं."

"मग?"

"मग काय, दुखायचं. घरी गेलं की उलट्या व्हायच्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या महिन्या-दीड महिन्यात बरं वाटेल, त्याला चार महिने लागले." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, खेळाचा निकाल सांगावा तसं सांगत होती. "संघात आता दुसरी आहे."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोक्याच्या माराने डोळ्यांत पाणी लवकर येतं असं डॉक्टर म्हणाली होती, पण हे पाणी त्या माराचं नव्हतं.

"माझं चुकलं, बेटा," ते म्हणाले. "तू कागद आणला होतास. मी वाचला होता. वाचूनही मी तुझं ऐकलं नाही. फार चुकलं माझं."

बावीस वर्षांत त्या शाळेतल्या कुठल्याही मुलाने त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. गोलकीपर खाली बघत बुटाच्या टोकाने धूळ रेघाटत राहिली. 'असू दे, सर' असं ती म्हणाली नाही, आणि सरांना तेच बरोबर वाटलं.

"पण सर," लहानी शेवटी न राहवून म्हणाली, "आमच्या तासाचं काय?"

"तुमच्या तासाला विज्ञानाच्या बाई येतील," सर म्हणाले, आणि खिशातून पिवळी चिठ्ठी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "ही त्यांना दाखव. म्हणावं, सरांची चूक झाली."

मधल्या वेळेत ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. खिशातले दोन्ही कागद टेबलावर ठेवले, एकावर एक नव्हे, शेजारी शेजारी, लाल शेरा दिसेल असे. बाईंनी आधी एक वाचला, मग दुसरा. बराच वेळ खडूच्या डब्याचं झाकण त्या उघडत-लावत होत्या.

"हिच्या वडिलांना मीच तुमच्याकडे पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि नंतर विचारलंही नाही. म्हणजे चूक तुमच्या एकट्याची नाही." मग कागदांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "वेळापत्रक मात्र आता चित्रकलेच्या बाईंकडे देते, सर. दिलंच पाहिजे."

"द्या," सर म्हणाले.

ज्याला ते इतके भीत होते, ते असं एका शब्दात होऊन गेलं. संध्याकाळी गाडीत ते त्या एका शब्दापायी लहान मुलासारखे रडले. बायकोने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांचं रडणं होईपर्यंत समोर बघत बसून राहिली. त्यांना थांबवायला या वेळी तिचा उजवा पाय दाबला गेला नाही.

पुढच्या रविवारी फळा नव्याने लावायला चित्रकलेच्या बाई शिडीवर आणि सर खाली खुर्चीत, बिनचाकांच्या. सर डोळे मिटून बोलायचे, बाई टोचायच्या. बाईंचा हात चांगला होता, हे सरांनी दुपारपर्यंत मनात कबूल केलं आणि संध्याकाळी तोंडाने. शेवटी त्यांनी खिशातून कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या सहा चिठ्ठ्या काढल्या. नववी ब च्या ओळीत, ती मुलगी ज्या तासाला सापडली होती त्या चौथ्या तासाला, दररोज, तिथल्या रंगीत चिठ्ठीच्या कोपऱ्यावर एक पांढरी टोचायची. पांढरी म्हणजे विश्रांतीचा रिकामा रकाना; ज्याला लागेल त्याने न विचारता जिन्याखालच्या खोलीत जायचं. कुलूप त्यांनी शुक्रवारीच काढून टाकलं होतं. ते स्वतः आता दर दोन तासांनंतर मोठ्या बाईंनी आजारी मुलांसाठी नव्याने मोकळ्या केलेल्या खोलीत, पडदे ओढून, वीस मिनिटं पडायचे, सगळ्यांना सांगून.

सोमवारी गोलकीपर खडू न्यायला आली. फळ्यापुढे थांबली आणि आपल्या वर्गाची ओळ तिने बोटाने वाचत नेली.

"सर, हे पांढरं?"

"तुझं आहे."

ती जरा वेळ बघत राहिली. तिला फळ्याकडे असं टक लावून बघताना पाहिल्याचं सरांना आठवत नव्हतं. असं ती फक्त येणाऱ्या चेंडूकडे बघायची.

"पण मला आता लागत नाही, सर," ती म्हणाली. "उशीर झाला ना. मी बरी झाले."

शिडीची घडी घालत असलेल्या चित्रकलेच्या बाई थबकल्या. चिठ्ठी काढायला हवी असेल तर टाचण्यांचा डबा त्यांच्या हातातच होता. सरांनी वर फळ्याकडे बघितलं. दोन-दोन दिसत होतं अजून थोडं, पण ते सहा पांढरे ठिपके नीट दिसत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "रिकामा राहू दे."